तक्त्यातला आकडा हाताने उतरवू नका

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली एक तपासणी प्रसिद्ध केली. मानसशास्त्राच्या आठ मोठ्या नियतकालिकांत १९८५ ते २०१३ या काळात छापून आलेले लेख त्यांनी 'स्टॅटचेक' नावाच्या प्रोग्रामला वाचायला दिले. लेखकाने दिलेल्या टी किंवा एफ मूल्यावरून पी मूल्य नव्याने काढायचं आणि छापलेल्या पी मूल्याशी ताडून पाहायचं, एवढंच त्याचं काम. सांख्यिकी चाचण्या असलेल्या जवळपास निम्म्या लेखांत किमान एक पी मूल्य जुळेना. दर आठ लेखांपैकी एकात तर तफावत निष्कर्षाला धक्का लागावा इतकी होती. हे सगळे लेख तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेले. शिवाय स्टॅटचेक फक्त मजकुरातले आकडे वाचतो. तक्ते त्याने तपासलेच नव्हते.

यातल्या किती चुका नजरचुकीच्या आणि किती सोयीच्या, हा वाद वेगळा. पण पडद्यावरचा आकडा डोळ्यांनी वाचून बोटांनी दुसरीकडे टाइप करायचा म्हटलं की चुकीला दार उघडं राहतं. प्रबंधात बारा-पंधरा तक्ते असतात आणि एकेका तक्त्यात चाळीस-पन्नास आकडे. पहिल्या खेपेला माणूस जपून उतरवतो. मग मार्गदर्शक म्हणतात, "उत्पन्न शून्य दाखवलेली कुटुंबं काढा आणि पुन्हा चालवून बघा." नमुना बदलला की सगळेच तक्ते बदलतात. तिसऱ्या खेपेला कंटाळा येतो आणि ज्या तक्त्यात 'फारसा फरक पडला नसेल' असं वाटतं, तो तसाच राहून जातो. तक्ता ४ मध्ये निरीक्षणं १,८४२ आणि तक्ता ५ मध्ये १,८१७ असं दिसलं, की तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न ठरलेला.

आर, स्टाटा किंवा पायथन यांपैकी काही वापरत असाल आणि लाटेक किंवा वर्डमध्ये लिहीत असाल, तर हे सगळं टाळता येतं. त्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. रिग्रेशन चालवता येत असेल, तर तक्ता बाहेर काढणं त्यापुढच्या दोन ओळींचं काम आहे.

तक्ता म्हणजे एक फाइल

प्रकल्पाच्या फोल्डरात तक्त्यांसाठी एक वेगळा फोल्डर करा. त्यात फक्त कोडने लिहायचं. तुम्ही तिथे हात लावायचा नाही. प्रत्येक तक्त्याची एक टेक फाइल होईल. तिचं नाव साध्या रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवा. प्रबंधात जिथे तक्ता हवा, तिथे लाटेकची 'इनपुट' कमांड आणि त्या फाइलचं नाव, बस्स. कोड पुन्हा चालवला की फाइल बदलते, प्रबंध पुन्हा कंपाइल केला की तक्ता बदलतो. मध्ये कोणाचा हात नाही.

कामाची वाटणी आधीच ठरवून टाका: आकडे कोडचे, शब्द तुमचे. म्हणजे तक्त्याचं शीर्षक, क्रमांकासाठीचं लेबल आणि पान उभं की आडवं, हे मुख्य दस्तऐवजात राहू द्या. 'टॅब्युलर'च्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा भाग तेवढा फाइलमध्ये जाऊ द्या, पण तो पूर्ण जाऊ द्या. काही जण फक्त आकड्यांच्या ओळी फाइलमध्ये टाकतात आणि वरची-खालची रेघ मुख्य दस्तऐवजात ठेवतात. दिसायला सुटसुटीत वाटतं, पण इनपुटनंतर लगेच रेघ आली की लाटेक 'मिसप्लेस्ड नोअलाइन' म्हणून अडून बसतं आणि दुपार त्यातच जाते. आरच्या स्टारगेझरमध्ये 'फ्लोट' हा पर्याय बंद केला की नेमका टॅब्युलरच मिळतो. स्टाटाच्या एस्टटॅबमध्ये शीर्षकाचा पर्याय दिला नाही की तोच परिणाम साधतो.

दुसरा एक पंथ आहे, कोड आणि लेखन एकाच फाइलमध्ये विणण्याचा. फ्रीडरिश लाइश यांनी २००२ साली स्वीव्ह आणलं, यीहुई शी यांच्या निटरने २०१२ पासून ते सोपं केलं आणि २०२२ पासून क्वार्टो आहे. छोट्या अहवालासाठी ही पद्धत छानच. प्रबंधासाठी मात्र मी वेगळ्या फाइलींच्या बाजूचा आहे. मोठ्या सर्वेक्षणाच्या विदेवर एकेक मॉडेल चालायला वेळ लागतो आणि प्रस्तावनेतलं एक वाक्य बदलण्यासाठी ते सगळं पुन्हा चालावं, हे काही शहाणपणाचं नाही. शिवाय मार्गदर्शकांच्या संगणकावर आर असेलच असं नाही. वेगळ्या फाइली असल्या की नुसतं लाटेक असलं तरी भागतं.

आणि एक्सेल? कोडमधून एक्सेलमध्ये आणि तिथून दस्तऐवजात, अशी वळसा घालून जाणारी वाट फार लोकप्रिय आहे. एक्सेलमध्ये 'थोडं नीट करून घेऊ' म्हणत माणूस जे करतो, त्याची कुठेच नोंद राहत नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० सालच्या गाजलेल्या निबंधात सरासरी काढणारं सूत्र पाच देशांना वगळून गेलं होतं: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. निवडलेल्या रांगा पाच ओळी आधीच संपल्या होत्या. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडनने मूळ फाइल मागवून ते शोधलं. इतर आक्षेपही जमेस धरून त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी गणित पुन्हा मांडलं, तेव्हा जास्त कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्क्यांवर गेला. तिथली चूक हिशेबातली होती, तक्ता उतरवण्यातली नव्हती. पण जे पेशीत दडलं ते वर्षानुवर्षं कोणी वाचलं नाही, ही गोष्ट इथेही तितकीच लागू पडते.

कंसात नेमकं काय आहे?

साधनं पुष्कळ आहेत आणि बहुतेक चांगली आहेत. आरमध्ये मॉडेलसमरी घ्या. स्टारगेझर जुनं आणि अजूनही लोकप्रिय, पण फिक्सेस्टसारख्या नव्या पॅकेजांच्या मॉडेलांपाशी त्याचं घोडं अडतं. स्टाटात बेन यान यांचं एस्टटॅब अजून कुणाला हार गेलेलं नाही. पायथनमध्ये पांडाजचं 'टू लाटेक' आणि स्टॅट्समॉडेल्सचं 'समरी कॉल' यांवर काम भागतं, जरा जास्त हात फिरवावा लागतो इतकंच. निवडीवर फार वेळ घालवू नका. खरी ग्यानबाची मेख पुढे आहे: तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर प्रत्येक साधन आपल्या मनाने तक्ता बनवतं आणि प्रत्येकाचं मन वेगळं.

एक उदाहरण जवळून बघू. आरबरोबर 'एमटीकार्स' नावाची विदा येते. १९७४ च्या 'मोटर ट्रेंड' या अमेरिकी मासिकातल्या ३२ गाड्यांची. गाडीच्या वजनावरून तिचं मायलेज सांगणारं साधं रिग्रेशन चालवलं, तर वजनाचा सहगुणक −५.३४४ येतो, म्हणजे वजन हजार पौंडांनी वाढलं की गॅलनमागे साधारण सव्वापाच मैल कमी. स्टारगेझर याच्याखाली कंसात ०.५५९ छापतो. हीच विदा स्टाटात नेऊन एस्टटॅब चालवलं, तर कंसात −९.५६ येतं. दोन्ही बरोबर आहेत. स्टारगेझर कंसात प्रमाण त्रुटी म्हणजे स्टँडर्ड एरर देतो, एस्टटॅब टी मूल्य देतं. एस्टटॅबच्या कमांडमध्ये 'एसई' एवढं लिहिलं की तेही प्रमाण त्रुटी देतं. पण लिहिलं नाही, आणि प्रबंधातला अर्धा भाग आरमध्ये आणि अर्धा स्टाटात झालेला असेल, तर शेजारशेजारच्या दोन तक्त्यांत कंसाचा अर्थ निरनिराळा होतो.

तारकांचंही तसंच. पी मूल्य ०.०३ असेल तर स्टारगेझर दोन तारका लावतो, एस्टटॅब एकच. कारण स्टारगेझरच्या पायऱ्या ०.१, ०.०५ आणि ०.०१ अशा आहेत, एस्टटॅबच्या ०.०५, ०.०१ आणि ०.००१. मॉडेलसमरी तर सांगितल्याशिवाय तारका लावतच नाही. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकाचा नियम आहे की तारका लावू नका, कंसात प्रमाण त्रुटी द्या. मला हा नियम पटतो. तारका दिसल्या की वाचक सहगुणकाचा आकार बघायचंच विसरतो. पण तुमच्या विभागात तारकांचाच रिवाज असेल तर लावा, पायऱ्या मात्र कोडमध्ये स्वतः लिहा आणि तक्त्याखालच्या टिपेत छापा.

लोकसंख्या किंवा आरोग्याच्या विदेवर काम करणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालांत कंस आणि तारका दोन्ही असतात आणि त्यांचा वरच्या कशाशीही संबंध नाही. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण करते. तिथे टक्केवारी कंसात असेल तर ती २५ ते ४९ प्रत्यक्ष नोंदींवर आधारलेली असते. आकड्याच्या जागी तारका असेल तर नोंदी २५ हून कमी म्हणून आकडा दिलेलाच नाही. एका प्रकरणात हे तक्ते आणि पुढच्या प्रकरणात रिग्रेशन, असा प्रबंध असेल तर प्रत्येक तक्त्याखाली चिन्हांचा खुलासा हवाच. लाटेकमध्ये अशा टिपांसाठी 'थ्री पार्ट टेबल' हे पॅकेज आहे; टीप तक्त्याच्या रुंदीतच बसते, पानभर पसरत नाही.

आता दशांश स्थळं. स्टाटाबरोबर 'ऑटो' नावाची विदा येते, १९७८ सालच्या ७४ गाड्यांची. तिच्यात वजन हजार पौंडांत नाही, नुसत्या पौंडांत आहे. तेच रिग्रेशन केलं की सहगुणक −०.००६००८७ आणि प्रमाण त्रुटी ०.०००५१७९ येते. तीन दशांश स्थळांचा तक्ता काढला, तर −०.००६ आणि खाली कंसात ०.००१ छापून येतं. वाचक मनातल्या मनात भागाकार करतो आणि त्याला टी मूल्य उणे सहा वाटतं. खरं आहे −११.६०. इथे कोणाचीही गणितात चूक नाही, सगळी करामत राउंडिंगची. दशांश स्थळं वाढवत बसण्यापेक्षा वजनाला आधीच हजाराने भागा, मग −६.००९ आणि ०.५१८ असा माणसाने वाचावा असा तक्ता होतो. तक्त्यात शून्यांची रांग दिसली की आधी एकक तपासा.

जाता जाता आणखी एक: स्टाटाच्या 'रोबस्ट' या पर्यायाने येणारी प्रमाण त्रुटी आणि आरच्या 'सँडविच' पॅकेजने काही न सांगता दिलेली प्रमाण त्रुटी, यांची सूत्रं वेगळी आहेत. स्टाटा एचसी१ वापरतं, सँडविच एचसी३. दोन्हींतून एकच आकडा हवा असेल तर आरमध्ये एचसी१ मागून घ्या.

टक्क्याचं चिन्ह आणि इतर खोड्या

लाटेकमध्ये टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ 'इथून ओळीच्या शेवटापर्यंत वाचू नकोस' असा होतो. समजा, स्तंभाचं शीर्षक 'साक्षरता (%)' आहे आणि कोडने ते जसंच्या तसं फाइलमध्ये लिहिलं. लाटेक टक्क्यापुढचा कंस, पुढचे स्तंभ आणि ओळ संपल्याची खूण, सगळं गिळतं. मग पुढची ओळ याच ओळीला चिकटते, स्तंभ जास्त होतात आणि चूक दाखवणारा संदेश भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो. बिचारा विद्यार्थी आकड्यांच्या ओळीत चूक शोधत बसतो. चलांच्या नावांतली अधोरेघ आणि 'आणि'साठीचं अँपरसँड चिन्ह यांचीही अशीच कटकट. यांच्याआधी उलटी तिरकी रेघ लावली की प्रश्न मिटतो. बरीच साधनं ती आपोआप लावतात, पण पांडाज २.० पासून, म्हणजे २०२३ पासून, 'टू लाटेक' ती न सांगता लावत नाही. 'एस्केप' हा पर्याय चालू करावा लागतो.

त्याहून बरं म्हणजे, चलाचं कच्चं नाव तक्त्यात येऊच देऊ नका. कोडच्या सुरुवातीला एकदाच नावांची यादी करा, या चलाला छापताना हे म्हणायचं अशी, आणि तीच सगळ्या तक्त्यांना द्या. म्हणजे एका तक्त्यात 'शिक्षणाची वर्षं' आणि दुसऱ्यात 'शैक्षणिक पातळी' असा गोंधळ होत नाही.

रेघांच्या बाबतीत सायमन फिअर यांच्या 'बुकटॅब्स' पॅकेजचं ऐका. त्याचे दोन नियम आहेत: उभी रेघ कधीच नको, दुहेरी रेघ कधीच नको. आपल्याकडे प्रत्येक आकड्याभोवती चौकट ओढल्याशिवाय तक्ता पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही, पण वर, शीर्षकाखाली आणि तळाशी अशा तीन आडव्या रेघांचा तक्ता जास्त लवकर वाचता येतो. आकडे दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह येईल असे लावायला 'एसआययुनिटएक्स'चे एस स्तंभ आहेत.

तक्ता मराठीत असेल तर

मराठीत लाटेक लिहायचं तर नेहमीचं पीडीएफलाटेक सोडून झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या. फॉन्टसाठी आयआयटी मुंबईतून आलेला 'शोभिका' मोफत मिळतो आणि त्यात रोमन अक्षरंही आहेत, त्यामुळे मिश्र मजकूर एकजिनसी दिसतो.

देवनागरी आकड्यांचा मोह आवरा, किंवा निदान शेवटपर्यंत लांबवा. एस स्तंभ देवनागरी आकड्याला आकडा मानत नाहीत. आरही '१२' हे संख्येत बदलायला सांगितलं तर रिकामं मूल्य परत करतं. पायथनला मात्र ते बारा म्हणून कळतं. म्हणून सगळा हिशेब, राउंडिंग आणि दशांश स्थळं इंग्रजी आकड्यांत पूर्ण करा आणि फाइल लिहिण्याच्या अगदी आधी तयार मजकुरातले अंक बदला; आरमध्ये 'सीएचटीआर' या एका फलनाने ते होतं. एस स्तंभ तेव्हा वापरता येणार नाहीत, पण प्रत्येक आकड्याला सारखी दशांश स्थळं दिली आणि स्तंभ उजवीकडे लावला की निभावतं.

स्वल्पविरामाकडेही लक्ष द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबं होती. आरला स्वल्पविराम लावायला सांगितलं की तो ६३६,६९९ असं लिहितो. त्याच तक्त्याखालच्या मजकुरात तुम्ही 'सव्वासहा लाखांच्या वर' म्हणणार, मग वाचकाला पुन्हा मोजायला का लावायचं? आरच्या जीटी पॅकेजला भारतीय पद्धत सांगता येते, लाख-कोटींप्रमाणे गट पाडून देतं. एसआययुनिटएक्सच्या नव्या आवृत्तीतही पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे दोन-दोनचे करण्याची सोय आहे.

वर्डवाल्यांसाठी

'आमच्याकडे वर्डच लागतं' ही अडचण खरी आहे, पण ती आकडे हाताने उतरवण्याचं कारण नाही. मॉडेलसमरी थेट वर्डची फाइल देतं, एस्टटॅब आरटीएफ देतं आणि वर्ड ती उघडतं. डेव्हिड गोहेल यांचं फ्लेक्सटेबल वर्डचे तक्ते हवे तसे सजवून देतं. तक्ता संपूर्ण उचलून चिकटवा, एकेक पेशी नाही. आणि चिकटवल्यानंतर आत एकही आकडा बदलू नका. बदल हवा असेल तर कोडमध्ये करा आणि जुना तक्ता पुसून नवा चिकटवा. वारंवार बदल होणार असतील तर क्वार्टोतून पूर्ण वर्ड दस्तऐवजच तयार करा. विद्यापीठाच्या ढंगाचा एक नमुना दस्तऐवज त्याला दिला की समास आणि अक्षरं त्याप्रमाणे येतात.

लाटेक असो वा वर्ड, एक जागा सगळेच विसरतात: मजकुरातले आकडे. तक्ता आपोआप बदलला आणि खालच्या परिच्छेदात 'सव्वापाच मैल' तसंच राहिलं, तर स्टॅटचेकलाही न सापडणारी चूक तुम्ही स्वतः तयार केली. जे आकडे मजकुरात येणार आहेत त्यांची कोडकडूनच एक छोटी टेक फाइल लिहून घ्या, प्रत्येक आकड्याला एक नाव देऊन, आणि मजकुरात आकड्याऐवजी ते नाव वापरा. निटर आणि क्वार्टोत तर वाक्यातच कोड लिहिता येतो. सुरुवातीला हे जास्तीचं काम वाटतं. सगळ्या आकड्यांसाठी जमलं नाही तर निदान सारांशातल्या आणि निष्कर्षाच्या प्रकरणातल्या आकड्यांसाठी करा.

प्रबंध छपाईला देण्याआधी एक दिवस राखून ठेवा. त्या दिवशी मूळ विदा आणि कोड यांची प्रत दुसरीकडे ठेवून तक्त्यांचा फोल्डर रिकामा करा आणि सगळा कोड पहिल्या ओळीपासून चालवा. जो तक्ता परत येणार नाही, तो कधीतरी हाताने केलेला होता. त्याचा कोड लिहून घ्या, आणि मगच प्रबंध बांधणीला द्या.